नाशाला कारण लागते का?

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतून वाहणाऱ्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या दगडी खांबांमधल्या खाचांत लोखंडी ढापे बसवतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की काढतात. ढापे एकाच पत्र्यातून कापलेले, एकाच वेळी रंगवलेले असतात. चार-सहा हंगाम गेले की त्यांची दशा मात्र सारखी राहत नाही. पाण्याच्या रेषेवर जो असतो, कधी ओला तर कधी कोरडा, तो आधी खंगतो. जो कायम पाण्याखाली असतो तो जास्त टिकतो. बंधाऱ्यातून पाणी गळू लागले की गावात बोलले जाते, ‘लोखंडच ते, गंजणारच.’

या साध्या वाक्यात भारतीय तत्त्वज्ञानातला एक फार जुना वाद दडलेला आहे. गंजणे हा लोखंडाचा स्वभाव आहे, की बाहेरून त्याच्यावर ओढवणारे संकट? वस्तू आपणहून नाश पावते, की तिचा नाश कुणीतरी, कशानेतरी करावा लागतो?

नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, उत्तर व्यवहाराला धरून होते. मडके फुटते ते मुद्गराच्या घावाने. घाव बसला नसता तर ते मडकेच राहिले असते. उत्पत्तीला कारण लागते, तसेच नाशालाही लागते. बौद्ध आचार्यांना हे पटत नव्हते. वसुबंधूंनी अभिधर्मकोशाच्या भाष्यात मांडलेला युक्तिवाद असा: नाश म्हणजे अभाव, आणि अभाव ही काही घडवण्याजोगी वस्तू नव्हे. जे घडवता येत नाही त्याला कारण कसले? म्हणून नाश कारणावाचून होतो. आणि कारणावाचून होत असेल तर तो उद्याची वाट कशाला पाहील? वस्तू उपजताक्षणीच नाश पावते आणि तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी उपजते. नाशाला खरोखर कारण लागत असते, तर ते कारण कधीच न भेटलेली एखादी वस्तू नित्य झाली असती. पुढे धर्मकीर्ती, रत्नकीर्ती यांनी क्षणभंगाची ही बाजू लढवली. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात तिचे सविस्तर खंडन केले. कित्येक शतके हा वाद मडके, मुद्गर, लाकूड आणि अग्नी एवढ्याच सामग्रीवर चालला.

त्या वादाला विसाव्या शतकात एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला: जमिनीत ठोकून उतरवलेला पोलादी खांब. बांधकामाच्या भाषेत त्याला पाइल म्हणतात. वरची जमीन भुसभुशीत असेल तर पूल, धक्का किंवा कारखान्याचा भार खालच्या घट्ट थरापर्यंत नेण्यासाठी असे खांब ठोकतात. एकदा ठोकले की ते कुणाला दिसत नाहीत. अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने १९२२ पासून लोखंडाचे नमुने मातीत पुरून वर्षानुवर्षे त्यांची झीज मोजली होती. ते आकडे भीतिदायक होते. त्यावरून हिशेब केला तर कित्येक पुलांखालचे पाइल एव्हाना चाळणी व्हायला हवे होते. मग त्याच संस्थेच्या मेल्विन रोमानॉफ यांनी प्रत्यक्ष पाइल तपासायला घेतले. ७ ते ४० वर्षे जमिनीत राहिलेले पाइल काही ठिकाणी उपटून काढले, काही ठिकाणी भोवताली खणून पाहिले. माती कुठे आम्ल होती तर कुठे अल्कधर्मी, कुठे निचऱ्याची वाळू तर कुठे गच्च चिकणमाती. १९६२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. मुळात न उकरलेल्या, अस्पर्श जमिनीत पाइल जवळजवळ गंजलेच नव्हते. मातीचा प्रकार काहीही असो, फरक नगण्य होता.

याचे कारण मातीत नव्हते, हवेत होते. गंज चढायला पाणी लागते, तसा प्राणवायूही लागतो. युगानुयुगे दबलेल्या जमिनीत, विशेषतः भूजलाच्या पातळीखाली, प्राणवायू फारसा पोचत नाही. पाइल ठोकताना माती बाजूला सरते आणि पुन्हा खांबाला घट्ट बिलगते, पोकळी राहत नाही. संस्थेने आधी पुरलेले नमुने मात्र खड्डा खणून, माती परत लोटून पुरलेले होते. त्या मोकळ्या मातीच्या कणाकणांत हवा होती. तीच माती, तेच पोलाद, पण जमीन एकदा उकरली गेली होती आणि तेवढ्याने सगळे बदलले.

युरोपातल्या अभियंत्यांनी ही समज पुढे आकड्यांत बांधली. त्यांच्या संहितेत ५० वर्षांत पोलादाच्या एका बाजूची किती जाडी जाईल याचे कोष्टक आहे. अस्पर्श नैसर्गिक जमिनीत ०.६ मिलिमीटर. कारखान्यांच्या प्रदूषित जमिनीत १.५. दलदलीत १.७५. राख किंवा धातुमळीचे खडे घालून न दाबता टाकलेल्या भरावात ३.२५. स्वच्छ नदीच्या पाण्याच्या रेषेवर ०.९. सांडपाण्याने फार दूषित झालेल्या नदीत २.३. समुद्राच्या लाटांचे तुषार जिथे उडतात त्या पट्ट्यात ३.७५. हे आकडे समशीतोष्ण हवेचे आहेत आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. पण त्यांच्यातले अंतर बोलके आहे. दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या एकाच पत्र्याचे आयुष्य तो कुणाच्या सहवासात राहिला यावर ठरते.

शिरूर-दौंडमध्ये पोलादी पाइल क्वचितच लागतात. इथे काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली दख्खनचा कातळ आहे. पूल असो की घर, पाया मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत नेऊन टेकवायचा ही इथली रीत. तरीही जमिनीत आणि पाण्यात लोखंड भरपूर आहे. जुन्या बोअरचे केसिंग पाइप, उपसा सिंचनाच्या पाइपलाइनी, विजेचे खांब, बंधाऱ्यांचे ढापे. आणि कोष्टकातल्या जवळपास सगळ्या परिस्थिती या दोन तालुक्यांत हजर आहेत, फक्त समुद्र तेवढा नाही. शिरूरच्या कोरडवाहू माळावरचा न उकरलेला मुरूम आहे. कालव्याचे पाणी उसाला वर्षानुवर्षे पाजून चोपण झालेली, अंगावर पांढरे क्षार आलेली जमीन आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आहेत. साखर कारखान्यांच्या बॉयलरची राख आहे. दौंड जंक्शनवर वाफेची इंजिने होती त्या काळातली कोळशाची राखही होती, आणि अशा राखेसारखा वाईट शेजारी लोखंडाला दुसरा नाही. कोळशाचे कण लोखंडाला विजेच्या घटासारखे झिजवतात आणि राखेतले गंधक ओलाव्यात आम्ल होते.

शिवाय मुळा-मुठा आहे. पुणे शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ही नदी दौंड तालुक्यात शिरते आणि पारगाव व रांजणगाव सांडस यांच्या दरम्यान भीमेला मिळते. जलपर्णीने झाकलेल्या अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो. रोमानॉफच्या निष्कर्षावरून वाटेल की मग लोखंड सुखरूप राहील. तसे होत नाही. प्राणवायू संपला की गाळात वेगळ्याच जिवाणूंचे राज्य सुरू होते. ते पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. लोखंडावर काळा चिकट थर धरतो आणि त्याखाली खड्डे पडत जातात. हॉलंडच्या चिकणमातीतल्या बिडाच्या नळांचा अभ्यास करताना फोन वोल्झोगेन क्यूर यांनी १९३४ मध्ये हे उलगडले. म्हणजे एक कारण हटवले म्हणून नाश हटत नाही. तो दुसऱ्या दाराने येतो.

आता त्या जुन्या वादाकडे वळले तर पहिला डाव नैयायिकांचा दिसतो. प्राणवायू नावाचा मुद्गर भेटला नाही, म्हणून खांब राहिला. पण कोष्टक पुन्हा पाहावे. अस्पर्श जमिनीतला आकडा लहान आहे, शून्य नाही. शंभर वर्षांत तिथेही १.२ मिलिमीटर जातातच. बौद्ध आचार्य नेमके याच जागी बोट ठेवतील. कारण कधीच भेटले नाही अशी वस्तू दाखवा, असे ते म्हणतील, आणि ती कुणालाच दाखवता येणार नाही. लोखंडाच्या बाबतीत तर त्यांची बाजू आणखी भक्कम आहे. लोखंड निसर्गात आढळते ते बहुधा प्राणवायूशी जोडलेल्या खनिजाच्या रूपात. भट्टीत प्रचंड उष्णता ओतून माणूस त्याला त्यातून सोडवतो. गंजणे म्हणजे त्या मूळ अवस्थेकडे परत जाणे. ही ओढ पोलादाच्या अंगातच आहे, बाहेरून कुणी आणलेली नाही.

मात्र ‘नाशाला कारण लागत नाही’ म्हणजे ‘परिस्थितीने काही फरक पडत नाही’ असे बौद्धांनी कधीच म्हटले नाही, आणि इथेच त्यांना उथळपणे वाचणारे चुकतात. मुद्गराचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण सुंदर आहे. मुद्गर मडक्याचा नाश करत नाही, मडके क्षणाक्षणाला नाश पावतच होते. मुद्गर फक्त एवढेच करतो की पुढच्या क्षणी मडक्याच्या जागी मडके न उपजता खापऱ्या उपजतात. नाश आपोआप होतो, पण नंतर काय उपजायचे हे सोबतच्या परिस्थितीवर ठरते. या विचाराने पाइलकडे पाहिले तर दोन्ही सत्ये एकत्र नांदतात. पोलाद नाशवंत आहे यात शंका नाही. ते तीस वर्षांत जाईल की तीनशे, हे मात्र त्याच्याभोवती काय टाकले यावर अवलंबून आहे, आणि टाकणारे हात माणसाचे आहेत.

दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ ही या वादातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू. सोळाशे वर्षे उघड्यावर उभा राहून न गंजलेले लोखंड म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो रास्त आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला. पण १९६१ मध्ये खांब उकरून पाहिला तेव्हा जमिनीखालच्या भागाला गंज धरलेला आढळला आणि खड्डे पडलेले दिसले. पुन्हा उभा करताना त्या भागाला शिशाचा पत्रा गुंडाळावा लागला. हा खांब मुळात दुसरीकडून आणून तिथे रोवला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे त्याच्या पायाची माती उकरून भरलेली होती. ज्याला आपण नित्यतेचे उदाहरण मानत आलो, त्याच्या जमिनीखालच्या भागाचे म्हणणे वेगळेच होते.

नित्य-अनित्याचा हा प्रश्न शिरूर तालुक्याला परका नाही. भीमेच्या काठावरचे कोरेगाव भीमा याच तालुक्यात आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर नदीपलीकडच्या जयस्तंभापाशी आले होते आणि आजही दर वर्षी त्या दिवशी लाखो लोक येतात. त्यांतल्या असंख्यांच्या घरांत १९५६ नंतर बुद्धाचा धम्म आला. बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अनित्यतेवर स्वतंत्र विवेचन आहे. त्यातला एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. सारे बदलते आहे, म्हणूनच काही नवे होणे शक्य आहे. वस्तूंचा स्वभाव कायमचा ठरलेला असता तर कशातूनही दुसरे काही घडले नसते. जन्माने ठरलेले स्थान अटळ आहे असे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सांगितले गेले, त्यांच्यासाठी अनित्यता ही रडगाण्याची गोष्ट नव्हती, मोकळ्या वाटेची होती. बुद्धाच्या अखेरच्या उपदेशातही या दोन गोष्टी एका दमात येतात. घडलेले सारे क्षय पावणारे आहे, म्हणून गाफील न राहता आपले काम तडीस न्या, असा त्याचा आशय आहे. ‘क्षय पावणारे आहे, म्हणून सोडून द्या’ असा तो नाही.

आपल्याकडे नेमका हा दुसरा अर्थ फोफावला आहे, आणि तो माणसांच्या जिवावर उठतो. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळातल्या कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल जुना होता, धोकादायक असल्याचे आधीच माहीत होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी बस आणि इतर वाहने गेली. तो पूल दगडी होता, तिथे गंजाचा नव्हे तर पुराच्या पाण्याचा प्रश्न होता. गोव्यात ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा काँक्रीटच्या आतल्या पोलादी तारांना खाऱ्या हवेने गाठले होते, आणि त्या पुलाचे वय जेमतेम पंधरा वर्षांचे होते. तिन्हींची कारणे वेगवेगळी. पण अशा प्रत्येक घटनेनंतर काळाचा घाला, नियती, निसर्गाचा कोप हे शब्द ऐकू येतात. हे शब्द धर्माचे वाटतात, पण त्यांत धर्म नाही. भाविकपणाचे पांघरूण घेतलेली बेफिकिरी त्यांत आहे. ‘सारे नश्वर आहे’ हे विधान जगाबद्दल खरे आहे. अमुक पुलाचा अमुक खांब गेली दहा वर्षे कुणी का पाहिला नाही, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

नश्वरता मनापासून मानणे म्हणजे काय, हे पाइल उभारणाऱ्यांनी आपल्या पद्धतीने दाखवून दिले आहे. ते हिशेबात लागते त्याहून जास्त जाडीचे पोलाद वापरतात. ही जादा जाडी भार पेलण्यासाठी नसते, ती गंजाला देण्यासाठीच असते. पन्नास वर्षांत तीन मिलिमीटर जाणार असतील तर ते पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायचे. दुसरा उपाय हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमारासाठी सुचवला. जहाजांच्या तळाच्या तांब्याला त्यांनी जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. जोडलेला धातू आधी झिजतो आणि तो शिल्लक आहे तोवर मुख्य धातू वाचतो. समुद्रातल्या पाइलना आज असेच जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे लावतात, आणि ते संपत आले की बदलतात. या व्यवस्थेला यज्ञ म्हणण्याचा मोह होईल, आणि तो अगदीच गैर नाही. पुढच्यांसाठी काही देऊन टाकायचे ठरवून, मोजून दिलेले हे द्रव्य आहे.

न दिसणाऱ्या पायाविषयी बोलताना अलेक्झांडर मिचेल यांना वगळता येत नाही. हे आयर्लंडचे अभियंते. विशीतच त्यांची दृष्टी गेली. १८३३ मध्ये त्यांनी मळसूत्राच्या पात्याचा लोखंडी पाइल शोधला, जो ठोकायचा नसून जमिनीत फिरवत उतरवायचा असतो. दीपस्तंभांच्या कामावर ते स्वतः नावेतून जात आणि जोडकाम हातांनी चाचपून पाहत. मुंबईहून गुजरातकडे जाणारी बीबीसीआय रेल्वे बांधली गेली तेव्हा वसईच्या खाडीसह वाटेतल्या कित्येक पुलांना त्यांच्याच पद्धतीचे पाइल वापरले. डोळे असणाऱ्यांनाही जो पाया दिसत नाही, त्याची काळजी एका दृष्टिहीन माणसाने स्पर्शाने वाहिली.

आपल्या परंपरेत अशा काळजीला आधार नाही असे नाही. भूमिपूजन आणि पायाभरणी आपण थाटात करतो, पण धर्मशास्त्राने विहिरी, तळी, देवळे यांच्या जीर्णोद्धारालाही पुण्यकर्म मानले आहे. दौंडहून भीमा ओलांडून गेले की लागणारे सिद्धटेकचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतले. भारतभर त्यांनी केलेल्या कामांत नवे बांधणे आणि पडके सावरणे यांत त्यांनी कमी-जास्त मानले नाही. मात्र देवळाचा कळस ढासळला की सगळ्यांना दिसतो. पाण्याखालच्या खांबाचा जीर्णोद्धार करायला आधी तिथे कुणीतरी उतरावे लागते.

एक अडचण तरीही उरते आणि ती नैयायिकांनीच बौद्धांपुढे ठेवली होती. सारे क्षणाक्षणाला नवे असेल, तर काल कर्म करणारा आणि आज त्याचे फळ भोगणारा एकच कसा? पाइलच्या बाबतीत हा प्रश्न निव्वळ शाब्दिक नाही. खांब उतरवणारा, पहिली पंचवीस वर्षे सांभाळणारा आणि साठाव्या वर्षी त्यावरून जाणारा, ही खरोखरच वेगवेगळी माणसे असतात. ठेकेदार बदलतो, अधिकाऱ्याची बदली होते, सरपंच बदलतो. मग जबाबदारी कुणाची? बौद्धांचे उत्तर होते संतान, म्हणजे क्षणाने क्षणाच्या हाती दिलेली अखंड मालिका. एकच टिकणारा कर्ता नसला तरी दिलेले-घेतलेले तुटत नाही, तोवर कर्म आणि फळ यांचा संबंधही तुटत नाही.

दौंडला आलेली रेल्वे १८५८ ची आहे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा, आणि दौंड सोडताच तो भीमा ओलांडतो. ते काम केलेल्यांपैकी आज कुणीही नाही, त्यांच्या नातवांपैकीही बहुधा नाही. पण रेल्वेत पुलांची तपासणी दर वर्षी करावी लागते, पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा. काय दिसले, कुठे झीज आहे, काय दुरुस्त केले हे सही करून नोंदवहीत लिहावे लागते. पुढच्या वर्षी येणारा अभियंता आधी ती नोंद वाचतो आणि मग पुलाखाली उतरतो. गावच्या बंधाऱ्यांच्या ढाप्यांना आणि पादचारी पुलांना अशी वही मिळावी, ती ग्रामसभेत वाचली जावी आणि पाण्याच्या रेषेवरची जाडी त्यात दर वर्षी मिलिमीटरमध्ये लिहिली जावी. जाडी मोजणारे अल्ट्रासाउंडचे यंत्र हातात मावते आणि त्यासाठी पत्र्याला भोकही पाडावे लागत नाही.